माणसांसकट माप

पहिलं इंजिन लाकडाचं होतं.

खोली बघायला गेले तेव्हा आमचे होणारे घरमालक अंगणात उभे राहून ते इंजिन एका जुन्या मोटारीच्या पोटात उतरवत होते. चहाच्या खोक्यांच्या फळ्या, प्लायवूड, पुठ्ठा आणि खूपसा सरस. तेलाच्या झाकणाच्या जागी तपकिरीची डबी बसवलेली. मी फाटकातच थबकले. त्यांनी मागे वळून न बघता विचारलं, "खोलीसाठी आलात?"

"हो."

"काय करता?"

"शिवणाच्या वर्गात शिकवते. मुलींना."

आता मात्र ते वळले. "माप इंचात घेता की सेंटिमीटरात?"

"इंचात."

"आणि पाव इंच इकडेतिकडे झालं तर?"

"शिलाईत सोडते. पण कुठे सोडलंय ते लिहून ठेवते."

त्यांनी लाकडी इंजिनाचा दोर खुंटीला बांधला आणि घराकडे तोंड करून ओरडले, "अगं, चहा टाक! खोली गेली!"

खोली आधीच कुणाला तरी दिली असं समजून मी चालू लागले. काकूंनी मला फाटकाबाहेरून परत आणलं. म्हणाल्या, "त्यांचं बोलणं अर्धंच असतं. उरलेलं अर्धं मी पुरवते. या."

पर्वतीच्या पायथ्याशी, स्वारगेटपासून पायी दहा मिनिटांवर त्यांचा छोटा बंगला होता. मागची खोली आणि न्हाणीघर आमचं. मी आणि माझा नवरा तिथे सहा वर्षं राहिलो. नवरा हडपसरच्या कारखान्यात पाळीवर जायचा, त्यामुळे घरमालकांच्या गमतीजमतींत त्याचा वाटा बहुधा झोपलेल्या अवस्थेतला आहे. तो वाटाही महत्त्वाचा ठरला, पण ते पुढे.

काका सरकारी नोकरीत आयुष्यभर नकाशे काढत आले होते. निवृत्त झाले तरी हात थांबेना. घरातल्या प्रत्येक वस्तूचा नकाशा त्यांच्याकडे होता, आमच्या न्हाणीघराच्या नळाचासुद्धा. नळ गळतो अशी तक्रार घेऊन गेले, तर त्यांनी आधी नकाशा उलगडला, त्यात नळ गळत नव्हता, आणि म्हणून पहिली पाच मिनिटं माझ्यावरच संशय घेतला. नंतर मात्र दोन तास खपून त्यांनी नळ असा बसवला की तो उघडायला माझ्या नवऱ्याला उठवावं लागायचं.

"झाला का दुरुस्त?" असं त्यांना विचारायची सोय नव्हती. 'दुरुस्त' हा शब्द त्यांना उद्धट वाटायचा. ते म्हणायचे, "सध्या तक्रार नाही." नळ असो, गुडघा असो, भाचीचा संसार असो, सगळ्याला तेच उत्तर. याहून मोठं कौतुक त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

अंदाज या गोष्टीवर त्यांचा राग होता. भाजीवाली "पावशेर असेल बघा" म्हणाली की ते तिला पाच मिनिटं उभं करायचे. खिशात पोलादी टेप आणि एक लांबोडकी वही. वहीत प्रत्येक मापापुढे तारीख आणि वेळ. वेळ कशाला, असं मी एकदा विचारलं. "बाई, लोखंड सकाळी वेगळं असतं, दुपारी वेगळं. तुमचं कापड धुतल्यावर आटतं ना? तसंच." आणि आकडा वहीत उतरल्याशिवाय टेप मिटायचा नाही, हा त्यांचा नियम. उतरला की टेप खट्कन मिटायचा आणि तो विषय संपायचा. काकू स्वयंपाकघरात तो आवाज ऐकून पानं घ्यायच्या. हाक मारायची गरज पडत नसे.

बाकी दोघांत तशी तक्रार नव्हती. एक सोडून. ती एक मात्र अकरा वर्षं चाललेली होती.

गाडी विलायती. इंग्रज गेल्यानंतर थोड्याच वर्षांत बोटीतून आलेली, काळी, गुबगुबीत, पुढचे दोन दिवे एकमेकांकडे किंचित वळलेले, त्यामुळे चेहऱ्यावर कायमची नाराजी. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कंपनी केव्हाच बंद झाली, पण पुण्यात तिचे भक्त अजून आहेत आणि ते पत्रं लिहितात. ही गाडी काकांनी नोकरीत असताना हौसेनं घेतली. पहिली काही वर्षं काकू तिच्यातून हिंडल्याही. मग त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं, सासवडला.

ही हकीकत मला काकूंनी ब्लाऊजचं माप देताना सांगितली. माप देताना बायका बरंच काही बोलतात, हा माझा धंद्यातला अनुभव आहे.

"वैशाखातलं ऊन. गाडीत मी, हे, आणि मागे लग्नाचं सामान. हडपसर सुटलं, फुरसुंगी गेली, दिवे घाट लागला आणि दुसऱ्या वळणावर हिनं वाफ सोडली. झाकण उडालं ते थेट दरीत. पाणी कुठे मिळेना. आमच्या पिण्याचा तांब्या आधी ओतला. तरी हिची तहान भागेना. मग ह्यांनी काय केलं असेल?"

"काय?"

"मागचं गुलाबपाणी ओतलं. वऱ्हाडावर शिंपडायला तीन बाटल्या चालवल्या होत्या मी. तिन्ही! मी बघतच राहिले. तरी गाडी हलली नाही. शेवटी एका ट्रकवाल्यानं नेलं. पोचले तेव्हा दुसरी पंगत बसली होती. बहिणीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या राहिल्या माझ्या. आणि ही बया घाटात गुलाबपाणी पिऊन उभी!"

त्या दिवशी काकू म्हणाल्या, पुन्हा ह्या गाडीत बसणार नाही. काकांना वाटलं, महिनाभर चालेल. काकू त्यानंतर प्रत्येक वेळी माहेरी एस.टी.नं गेल्या. स्वारगेटला जायच्या, तिकीट काढायच्या, आणि एस.टी.तलं शेवटचं बाकडं धरायच्या. तिथे धक्के सगळ्यांत जास्त. "वारा लागतो तिथं," असं त्या सांगायच्या. पण शेवटच्या बाकड्यावरून मागचा रस्ता दिसतो, आणि मागून, रिकाम्या गाडीत एकटे, काका यायचे.

होय. बायको बसत नाही म्हणून ते काही घरी थांबले नाहीत. बायको एस.टी.त, हे मागे मोटारीत, थेट दिवे घाटापर्यंत. घाटात गाडी हमखास तापायची. मग एस.टी. पुढे निघून जायची आणि काका झाडाखाली बसून गाडी निवायची वाट बघायचे. पोचायचे तासाभरानं, सासुरवाडीला हात काळे करून.

त्या मार्गावरचा कंडक्टर काही वर्षांत ओळखीचा झाला. एकदा त्यानं विचारलं, "काकू, मागची गाडी तुमचीच का हो?"

"गाडी माझी नाही," काकू म्हणाल्या. "चालवणारा माझा आहे."

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा टेप त्यांच्या दंडाभोवती होता आणि मी हसताना माप चुकलं. पाव इंच शिलाईत सोडलं.

तर अशा परिस्थितीत काकांनी ठरवलं की गाडीचं इंजिन बदलायचं. मूळचं पेट्रोलचं इंजिन दमलेलं होतं आणि त्याचे भाग कुठे मिळत नव्हते. त्या काळी पुष्कळ लोक जुन्या गाड्यांत डिझेलचं इंजिन टाकून घेत, पण ते गॅरेजमध्ये देऊन. काका ते घरी, स्वतः करणार होते. का, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला विचाराल तर ते इंजिन दिवे घाटासाठी होतं आणि घाट काकूंसाठी.

नवं इंजिन कुठल्या जातीचं घ्यावं हे ठरवण्यात त्यांनी मी येण्याआधीचे सहा महिने घालवले होते. नाना पेठेतल्या झाडून सगळ्या दुकानांत ते टेप घेऊन जाऊन आले. लोक त्यांना बघून शटर अर्धं खाली ओढत. तिथलेच, लेथवर लोखंड तासून देणारे एक उस्ताद मात्र त्यांना टिकले. उस्ताद कमी बोलायचे, काम चोख करायचे, आणि काकांचा नकाशा बघितल्यावर "माशाल्ला" म्हणायचे. काकांना आयुष्यात इतकी दाद कुणी दिली नव्हती. त्यांची घट्ट मैत्री झाली.

उस्तादांनीच लोणी काळभोरच्या इंजिनाची बातमी आणली. काकांनी ठरवलेल्या जातीचंच, टेम्पोचं डिझेल इंजिन. टेम्पो मोडीत गेला तरी इंजिन तीन वर्षं विहिरीवर उसाला पाणी काढत होतं. आता विजेची मोटार आली म्हणून मालकाला ते काढायचं होतं. त्या रविवारी मीही गेले, उसाच्या रसाच्या आशेनं.

शेतमालक आबा चांगले दणकट गृहस्थ होते. पायात कोल्हापुरी, अंगात मलमलचा सदरा. इंजिन सुरू करून ते लांब उभे राहिले. काका घड्याळ धरून इंजिनापाशी बसले. पाऊण तास बसले. आबांनी माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "बाई, म्हाताऱ्याला काय झालंय का?"

"नाही. ते ऐकताहेत."

"आन काय म्हनतंय इंजिन?"

काका उठले. गुडघे झटकले. "सध्या तक्रार नाही."

आबा खूश झाले. "न्हाईच करनार! ह्ये इंजिन कुनाचं ऐकत न्हाई, पर थांबतबी न्हाई. तीन सालं हाय हितं. ऊस बघा की, आपल्या डोक्यावरनं गेलाय." मग इंजिनावर थाप मारून म्हणाले, "पर गाडीत बसवनार म्हंजी कोन कोन बसनार तिच्यात?"

काका घड्याळ खिशात ठेवू लागले. आबांनी पुन्हा विचारलं, "वैनी आसतील की?"

"बघू," काका म्हणाले, आणि रसाचा पेला उचलला.

इंजिन आलं आणि बंगल्यातली शांतता गेली. अंगणात तीन पायांची लोखंडी तिकाटी पुन्हा उभी राहिली, तिला साखळीची कप्पी. जुनं इंजिन मी येण्याआधीच बाहेर निघालं होतं, तेव्हाच काकांनी त्याच्या प्रत्येक बोल्टाला क्रमांक दिला होता. सगळे बोल्ट काकूंच्या लोणच्याच्या बरण्यांत, बरणीवर चिठ्ठी. त्या वर्षी काकूंनी लोणचं घातलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "बरण्यांत सध्या मुरांबा आहे. लोखंडी." स्वयंपाकघराची अंगणाकडची खिडकी त्यांनी लावून घेतली. रोज थोडी थोडी उघडी दिसायची ती गोष्ट वेगळी.

लाकडी इंजिन कशाला केलं होतं, ते तेव्हा मला कळलं. खरं इंजिन अंगणात येण्याआधी त्याच आकाराचं लाकडी आत बसवून काकांनी बघून ठेवलं होतं, कुठे घासतंय, कुठे अडतंय. शिवणात आम्ही महागाच्या कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटाचा एक कच्चा अंगरखा शिवतो, तोच हा प्रकार. खरं इंजिन पहिल्याच फटक्यात आत बसलं, तेव्हा उस्तादांनी दोन्ही हात वर केले. लाकडी इंजिन मग काकूंनी ताब्यात घेतलं. त्याच्यावर सांडगे फार छान वाळत.

आरटीओत इंजिन बदलल्याची नोंद करायला काका अकरा नकाशे घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी पहिला नकाशा बघूनच सही केली. काका बाकीचे दहा दाखवल्याशिवाय उठेनात.

इंजिनाबरोबर त्याच टेम्पोचा गिअरबॉक्स बसवला. डिझेल इंजिन फिरतं सावकाश पण रेटा मोठा, म्हणून मागच्या चाकांमधली दातेरी चक्रंही बदलली. आता पुढचा गिअरबॉक्स आणि मागची चाकं यांना जोडणारा लांब दांडा राहिला. त्याला शाफ्ट म्हणतात. जुना शाफ्ट नव्या गिअरबॉक्सला लांब पडत होता. तो कापून, नेमक्या लांबीचा करून जोडायचा होता. काकांनी माप घेतलं, तीनदा घेतलं, टेप मिटला, उस्तादांनी लेथवर शाफ्ट करून आणला.

काका एकटे गाडी घेऊन स्वारगेटपर्यंत जाऊन आले. येताना हॉर्न वाजवत आले. सगळी गल्ली बाहेर आली. मला, माझ्या नवऱ्याला आणि उस्तादांना बसवून ते ऐटीत पुन्हा निघाले, आणि पहिल्याच खड्ड्यात गाडीच्या पोटात असा काही दणका बसला की माझा झोपाळू नवरा जागा झाला. पुढच्या खड्ड्यात पुन्हा. माणसं बसली की शाफ्ट गिअरबॉक्सला ढुसण्या देत होता. शाफ्ट लांब झाला होता.

काका गाडी ढकलतच घरी आले. ती चालत होती, तरी ढकलत आणली. "इजा नको व्हायला," एवढंच म्हणाले.

त्यानंतरचे चार दिवस मला आठवतात. माप चुकलं, हे त्यांच्याच्यानं सहन होईना. ते वही उघडून बसायचे, तीन वेळा घेतलेलं तेच माप बघायचे आणि वही मिटायचे. टेप खिशातून काढून त्यांनी फळीवर ठेवून दिला. जेवायला बसले तर मीठ कमी आहे हेही सांगेनात. काकूंना ते फार लागलं. "मीठ मुद्दाम घातलं नव्हतं हो मी आज," त्या मला म्हणाल्या. मग इंजिन आणल्यापासून पहिल्यांदा त्या स्वतः चहाचा कप घेऊन अंगणात गेल्या, गाडीकडे न बघता कप बॉनेटवर ठेवला आणि परत आल्या. काका त्या कपाकडे बघत बसले. चहा गार झाला.

पाचव्या दिवशी वर्गात माझी एक मुलगी दुसरीच्या पाठीचं माप घेत होती. दुसरी छाती काढून, हात वर करून, श्वास कोंडून उभी. मी ओरडले, "अगं, हे माप पुतळ्याचं झालं! ती जेवणार नाही का? बसणार नाही का? तिला सरळ बसव आणि घे!" आणि ओरडता ओरडताच थांबले. वर्ग तसाच सोडून घरी आले.

"काका, शाफ्टचं माप घेतलंत तेव्हा गाडी कशावर होती?"

"ओंडक्यांवर. चाकं काढून. खाली शिरता यायला नको का?"

"म्हणजे मागच्या चाकांचा आस, ते पाटे, सगळं लोंबत होतं?"

काकांनी वही उघडून ते पान काढलं. गाडी ओंडक्यावर टांगली की मागचा भाग लोंबतो. जमिनीवर टेकून माणसं बसली की खालचे कमानपाटे दबून सपाट होतात, मागचं सगळं हलतं आणि गिअरबॉक्सपासूनचं अंतर कमी होतं. आयुष्यभर मापं घेतलेल्या माणसानं माप घेतलं होतं ते रिकाम्या, टांगलेल्या गाडीचं. हा दोष विद्येचा नव्हता. अकरा वर्षं त्यांनी ती गाडी रिकामीच चालवली होती, आणि तिच्यात माणसं बसतात हे ते विसरून गेले होते.

"बाई," ते म्हणाले, "माप माणसांसकट घ्यायला हवं होतं." आणि उठून त्यांनी फळीवरचा टेप खिशात टाकला.

पुढच्या रविवारी सकाळी नऊला माप ठरलं. काकांच्या मते माप घेताना गाडीत नेमकी तीच माणसं हवीत जी घाटात जाणार, नेमकी त्याच जागी. मागे मी आणि माझा नवरा, शिवाय काकूंच्या माहेरच्या प्रवासातल्या दोन पिशव्या, भरलेल्या. काका स्वतः गाडीखाली जाणार, म्हणून त्यांच्या जागी स्टिअरिंगवर त्यांच्याच वजनाचे उस्ताद. राहिली चालकाशेजारची जागा.

आदल्या दिवशी त्यांनी मला हळूच विचारलं होतं, "काकूंची मापं तुमच्याकडे आहेत. त्यावरून वजन काढता येईल?"

"येईल. पण सांगणार नाही. गिऱ्हाइकाची गोष्ट आहे."

त्यांनी मान डोलावली. धंद्याची इभ्रत त्यांना समजायची. आणि रविवारी सकाळी चालकाशेजारच्या जागेवर गव्हाचं एक टम्म पोतं बसलं होतं. बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर.

खिडकी सताड उघडली. "ते काय आहे?"

"तुझ्या जागी," काका म्हणाले.

"किती किलोचं?"

"असेल पंच्याहत्तर. अंदाजे."

काकू बाहेर आल्या त्या हात पुसायलाही थांबल्या नाहीत. हाताला कणीक तशीच. "पंच्याहत्तर? मी पंच्याहत्तर?" आत गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात स्वारगेटच्या वजनकाट्याचं पुठ्ठ्याचं तिकीट होतं. "अठ्ठावन्न! वाचा! मागे भविष्यही चांगलं लिहिलंय!" त्यांनी गाडीचं दार उघडलं, उस्तादांना म्हणाल्या, "धरा हो जरा," दोघांनी मिळून पोतं खाली ओढलं, आणि काकू त्या जागेवर बसल्या. पदर सारखा केला. समोर बघत म्हणाल्या, "घ्या माप. उभ्या गाडीत बसणं म्हणजे काही बसणं नव्हे."

काकांनी खिशातून टेप काढला. मग पाठीवर झोपून गाडीखाली सरकले.

आम्ही बसून राहिलो. खालून अधूनमधून आवाज यायचा, "हलू नका." उस्ताद स्टिअरिंग धरून, समोरच्या भिंतीवर नजर ठेवून, जणू खरंच घाट चढतायत असे बसलेले. माझा नवरा रात्रपाळी करून आलेला, दुसऱ्या मिनिटाला घोरू लागला; वजन म्हणून त्याचा वाटा तेवढाच लागत होता. काही वेळानं काकूंनी काचेवरून बोट फिरवलं. मग समोरचा कप्पा उघडून बघितला. त्यात अकरा वर्षांपूर्वीची त्यांची केसांची पिन होती. ती त्यांनी केसांत खोचली. मग नाक वर करून हुंगलं. "गुलाबाचा वास अजून येतो की हो," त्या म्हणाल्या.

"येतो," काका खालून म्हणाले. "हलू नका."

साडेदहाला आम्हाला सोडलं. माझे पाय बधिर झाले होते. काका बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं आणि चेहरा नुकतं शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा.

उस्तादांनी शाफ्ट कापून आणला, बसवला. त्यानंतरच्या आठवड्यात सासवडला काकूंच्या बहिणीच्या घरी सत्यनारायण होता. सकाळी काका गाडी पुसत होते. काकू नेहमीच्या दोन पिशव्या घेऊन बाहेर आल्या आणि फाटकाकडे वळल्या, एस.टी.साठी. काका पुसत राहिले. मी मागच्या सीटवर, घोरणाऱ्या नवऱ्याशेजारी बसले होते. एवढं सगळं झालं, आणि ही बाई चालली स्वारगेटला!

काकू फाटकाच्या कडीला हात लावून थांबल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "तो दांडा मला धरून मापलाय ना?"

"हो."

"मग मी नसले तर चुकेल तो."

काकांनी फडकं खाली ठेवलं. "मिलिमीटरभर फरक पडेल," ते म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमतच नसे.

"मग पडतो तर," काकू म्हणाल्या. "एकदा चुकलंय तेवढं पुरे." आणि येऊन बसल्या.

दिवे घाटात दुसऱ्या वळणावर काकूंनी दाराची मूठ घट्ट धरली. इंजिनाचा आवाज तोच होता, लोणीच्या विहिरीवरचा. कुणाचं ऐकत नव्हतं आणि थांबतही नव्हतं. वळण मागे पडलं. काकूंनी मूठ सोडली. तिसऱ्या वळणापुढे सासवडची एस.टी. कण्हत चढत होती. काकांनी हॉर्न दिला आणि आम्ही तिच्या बाजूनं पुढे निघालो. दारात तोच कंडक्टर उभा होता. त्याचे डोळे मोठे झाले. "काकू! आज इकडं?"

काकूंनी काच खाली केली. वाऱ्यानं पदर उडत होता. "ही गाडी माझ्या मापाची आहे!" त्या ओरडल्या, आणि एस.टी.तली माणसं का हसली ते त्या माणसांनाही कळलं नसेल.

घाटमाथ्यावर काकांनी गाडी थांबवली. थांबायचं काही कारण नव्हतं. उतरून त्यांनी बॉनेट उघडलं आणि त्यात डोकं खुपसून बराच वेळ उभे राहिले.

"काय झालं हो?" काकूंनी विचारलं.

"काही नाही." डोकं आतच होतं. "सध्या तक्रार नाही."

पुढे आम्ही हडपसरला स्वतःचं घर घेतलं. येणंजाणं राहिलं. त्या गाडीनं त्या दोघांना बारा-तेरा वर्षं हिंडवलं, आणि ती दोघं फिरायला जायची ती बहुतेक वेळा कुठलाच कार्यक्रम नसताना. काका गेले तेही चांगलं वय होऊन, झोपेत. त्यानंतर एकदा मी भेटायला गेले. लाकडी इंजिनावर सांडगे वाळत होते. काकूंनी कपाटातून लांबोडकी वही काढून माझ्यापुढे ठेवली. "मापाची माणसं तुम्हीच. तुमच्याकडे ठेवा."

मी चाळत बसले. नळ, गुडघ्याचा पट्टा, भाचीच्या फ्लॅटचं दार. आणि ते पान. शाफ्टची लांबी, खाली कोण कुठे बसलं त्याची यादी. 'चालकाशेजारी: सौ. (प्रत्यक्ष).' दोनदा अधोरेखित. आणि पुढे नेहमीप्रमाणे वेळ: सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं.

मी पुन्हा वाचलं. नऊला आम्ही गाडीत बसलो होतो. साडेदहाला सुटलो होतो.

"काकू," मी म्हटलं, "माप तर नऊ वाजून दहालाच झालं होतं. पुढे तासाच्या वर काका नुसतेच गाडीखाली पडून होते! आपल्याला उगीच बसवून ठेवलं!"

काकू सांडगे उलटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "टेप मिटलेला ऐकला होता मी."